मेलेल्या रिक्वेस्टचा माग दाखवणाऱ्या ताईंना

ताई,
स.न.वि.वि.

भर लोडमध्ये डिस्कचा शेड्युलर (वाचण्या-लिहिण्याच्या मागण्यांचा क्रम लावणारा भाग) बदलला की लिनक्सचा कर्नल कोसळतो, हा अहवाल तुमच्याकडे पाठवला तेव्हा त्यात ऊप्सचा (कोसळताना कर्नल छापतो त्या संदेशाचा) मजकूर सोडून काहीच नव्हतं. उलट टपाली तुमचा एकच प्रश्न आला: "तेव्हा आयओस्टॅट चालू होतं का?" आयओस्टॅट म्हणजे डिस्कच्या कामाचे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम. त्या एका प्रश्नाबद्दल हे आभार. जाहीर लिहितोय, म्हणजे याच खड्ड्यात असलेल्या इतरांनाही वाचता येईल.

शेड्युलर बदलताना कर्नल आधी क्यू, म्हणजे डिस्कवर वाचण्या-लिहिण्याच्या मागण्यांची (रिक्वेस्टची) रांग, गोठवतो. नवी रिक्वेस्ट आत घेत नाही, आत असलेल्या सगळ्या पुऱ्या होईपर्यंत थांबतो. मग जुन्या शेड्युलरच्या रिक्वेस्टची मेमरी सोडतो, नवा शेड्युलर बसवतो आणि क्यू मोकळी करतो. इथवर काही चुकत नाही. गोम आहे ड्रायव्हरच्या टॅगच्या तक्त्यात. कोणत्या टॅगवर (रिक्वेस्टला दिलेल्या क्रमांकावर) कोणती रिक्वेस्ट, याचे पॉइंटर (मेमरीतले पत्ते) त्यात असतात, आणि ५.१४ च्या आधीच्या कर्नलांत मेमरी सोडल्यावरही जुने पॉइंटर तिथेच पडून राहायचे. नवा आयओ (वाचन-लेखन) सुरू झाला की टॅग वापरात असल्याचा बिट आधी लागतो, पॉइंटर मागाहून लिहिला जातो. नेमक्या त्या फटीत कोणी तक्ता चाळला तर बिट लागलेला दिसतो, पॉइंटर मात्र मेलेल्या, म्हणजे मेमरी सोडून दिलेल्या, रिक्वेस्टचा.

चाळतं कोण? /प्रॉक/डिस्कस्टॅट्स (डिस्कचे आकडे देणारी कर्नलची फाइल) वाचणारा कोणताही प्रोग्रॅम, म्हणजे आयओस्टॅटसुद्धा. चालू आयओ किती, हे मोजायला ते कर्नल हाच तक्ता फिरायचे. ही मोजणी नुसती वाचते, म्हणून बहुतेक वेळा निभावतं. पण वेळेत पुऱ्या न झालेल्या रिक्वेस्ट शोधणारं टाइमआउटचं कामही हाच तक्ता फिरतं, आणि ते रिक्वेस्टचा रेफरन्स काउंट (ती किती जण वापरतायत तो आकडा) वाढवायला जातं, म्हणजे मेलेल्या मेमरीवर लिहितं. मग क्रॅश भलत्याच ठिकाणी, भलत्याच मॉड्यूलच्या नावावर फुटतो. ऊप्समधल्या वरच्या फंक्शनवर विश्वास ठेवू नका, असं तुम्ही म्हणालात ते याचसाठी.

तुमचा दुसरा मुद्दा तर कुठे लिहिलेलाही सापडत नाही. स्लब (कर्नलचा छोट्या वस्तूंना मेमरी वाटणारा भाग) याचं डीबग लावून इथे काही हाती लागत नाही, कारण रिक्वेस्ट स्लबमधून येतच नाहीत. ब्लॉक-एमक्यू, म्हणजे रिक्वेस्टच्या रांगा सांभाळणारा कर्नलचा भाग, त्यांच्यासाठी थेट मेमरीची पानं घेतो. सोडलेल्या स्लब मेमरीत भरली जाणारी '६बी६बी६बी' ही खूण दिसण्याची वाट बघणं फुकट. पेज पॉयझनिंग लावलं तर त्याहून गंमत: क्रॅश गायबच होतो! सोडलेल्या पानात 'एए' भरले जातात, तक्ता फिरणारं फंक्शन 'ही रिक्वेस्ट याच क्यूची का' म्हणून तुलना करतं, ती जुळत नाही, आणि ते गुपचूप पुढे सरकतं. रोग तसाच, ताप तेवढा उतरलेला.

म्हणून केसॅन, म्हणजे कर्नलमधला मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन. त्याचा अहवाल पहिल्यांदा बघणारा गोंधळतो, कारण त्यात 'कोणी घेतली, कोणी सोडली' हे नेहमीचे दोन स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणतं बोलावलं त्या याद्या) नसतात. पान स्लबचं नसल्यामुळे फक्त पानाची माहिती छापली जाते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे बूटच्या ओळीत पेज ओनर (पान कोणी घेतलं-सोडलं याची नोंद) चालू केलं, आणि त्याच अहवालाखाली पान शेवटचं कोणी सोडलं तो स्टॅक आला: खालून वर शेड्युलर बदलण्याचं फंक्शन, त्यावर जुना शेड्युलर मोडणारं, आणि सगळ्यात वर रिक्वेस्टची पानं सोडणारं. एवढं दिसल्यावर वाद उरत नाही. एक पथ्य मात्र पाळावं लागतं: केसॅनचं क्वारंटाइन (सोडलेली मेमरी काही काळ बाजूला ठेवणं) स्लबपुरतंच आहे. पान लगेच दुसऱ्या कोणाला गेलं तर पुरावा बुजतो, त्यामुळे मशीनवर मेमरी भरपूर मोकळी हवी. एक अष्टमांश मेमरी केसॅनची शॅडोच (कोणती मेमरी वापरता येते याची नोंद) खाते, हेही धरून चाला.

चाचणीची जुळणी खऱ्या डिस्कशिवाय होते. नलब्लॉक (खोटी डिस्क दाखवणारा ड्रायव्हर), क्यू मोड २, सबमिट क्यू ४, प्रत्येकीची डेप्थ ६४, आयआरक्यू मोड २ म्हणजे टायमर, आणि कम्प्लिशन १,००,००० नॅनोसेकंद. त्यावर फायओ (डिस्कवर लोड टाकणारं साधन): रँडम रीड, ४के, डायरेक्ट, ८ जॉब, आयओ डेप्थ ३२. दुसऱ्या टर्मिनलवर एमक्यू-डेडलाइन हा शेड्युलर आणि नन (शेड्युलरच नाही) यांची अदलाबदल, दर ०.२ सेकंदाला. तिसऱ्यावर डिस्कस्टॅट्स वाचणारा बिनथांब लूप. आयओस्टॅटचा एक सेकंद फार सुस्त. एनआर-रिक्वेस्ट्स (क्यूत किती रिक्वेस्ट मावतील ती सेटिंग) हीही बदलत असाल तर लक्षात ठेवा: शेड्युलर बदलला की ती परत डीफॉल्टवर जाते, आणि ननवर असताना डेप्थपेक्षा मोठा आकडा लिहिला तर 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' मिळतं. तो बग नाही.

कोसळण्याऐवजी मशीन लटकलं तर ते दुखणं वेगळं. १२० सेकंदांनी हंग टास्कचा (अडकून पडलेल्या कामाचा) संदेश येतो आणि स्टॅकमध्ये क्यू गोठण्याची (फ्रीझची) वाट बघणारं फंक्शन दिसतं. सिसआरक्यूला (कर्नलला थेट आज्ञा देण्याच्या सोयीला) 'डब्ल्यू' द्या, अडकलेले सगळे टास्क छापून येतात. मग डीबगएफएसमध्ये (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलींत) त्या डिस्कच्या प्रत्येक हार्डवेअर क्यूची 'बिझी' फाइल वाचा. त्यात रिक्वेस्ट दिसली तर ड्रायव्हरने ती पुरी केलेली नाही. काहीच दिसलं नाही, तर गोठवलेल्या क्यूत कोणी मेमरी मागतंय का ते शोधा: मेमरी मोकळी करायला कर्नल त्याच डिस्कवर लिहायला जातो आणि स्वतःच्याच दारात अडकतो.

उपाय तुम्ही आधीच सांगून ठेवला होता. २०२१ च्या दुरुस्त्यांनी मेमरी सोडण्याआधी तक्त्यातले जुने पॉइंटर पुसले जातात आणि तक्ता फिरताना रिक्वेस्टचा रेफरन्स आधी घेतला जातो. जुन्या कर्नलवर असाल तर दोन्ही बॅकपोर्ट झाल्या (त्या कर्नलात आणल्या गेल्या) आहेत का ते बघा. एकट्या पहिलीने फट अरुंद होते, बुजत नाही. तोवर शेड्युलर यूडेव्हच्या (डिव्हाइसची मांडणी करणाऱ्या सेवेच्या) नियमाने बूटच्या वेळीच ठरवायचा आणि लोड चढल्यावर त्याला हात लावायचा नाही.

ब्लॉकटेस्ट्स या चाचणीसंचातल्या ब्लॉक/००५ आणि ब्लॉक/०२१ या चाचण्या आता रोज रात्री चालतात, सोबत डिस्कस्टॅट्सचा तो लूप. त्या स्क्रिप्टचं नाव 'ताई.एसएच' आहे. रागावू नका.

आपले,
स्टोरेज चाचणी गटातले आम्ही सगळे