नाना, तो आतला पॅड मी जपून ठेवलाय

चाळीसगाव

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "त्यात काय एवढं, माय" म्हणता आणि कपाशीच्या भावावर येता. म्हणून हे पत्र. आणि ते चारचौघांत लिहिते आहे, कारण आपल्या गावातल्या कुणाला ना कुणाला रोज कन्नड घाट उतरावा लागतो. तुम्ही मला जे दाखवलं ते त्यांच्याही कामाचं आहे.

लेक संभाजीनगरला शिकायला गेल्यापासून महिन्यातून दोनदा तरी मी एकटी गाडी घेऊन जाते. दिवाळीनंतरच्या फेरीला घाट उतरताना पुढच्या डाव्या चाकातून बारीक, चिरका आवाज यायला लागला. ब्रेक दाबला की थांबायचा, सोडला की पुन्हा चीं. गॅरेजमध्ये नेली, तर त्यांनी चाक न काढता रिमच्या फटीतून बघितलं आणि म्हणाले, ब्रेकचे पॅड आहेत अजून, धूळ बसली असेल. मी विश्वास ठेवला आणि आणखी दोन फेऱ्या केल्या. त्या दोन फेऱ्या आठवल्या की आजही पोटात गोळा येतो.

तुम्ही गाडी पाहिलीसुद्धा नव्हती. गल्लीत वळताना नुसता आवाज ऐकलात आणि ओट्यावरून उठलात. "पट्टी ओरडून राहिली ती. पॅड संपले." पॅडला एक लहानशी लोखंडी पट्टी असते, पॅड झिजत आला की ती डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, घासते आणि तोच तिचा इशारा, हे मला त्या दिवशी कळलं. एस.टी.च्या कार्यशाळेत उभा जन्म गेलेल्या माणसाचा कान तो.

अर्ध्या तासात तुम्हीच काम उरकलं असतं, पण तुम्ही पान्हा माझ्या हातात दिला. "घाट तुले उतरायचा आहे ना? मंग बोल्ट बी तूच खोल."

हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, मागच्या चाकांना दगड लावले. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करून घेतले. जॅकने गाडी उचलली, पण तिच्याजवळ हात घालू दिला नाहीत. आधी तुमची लोखंडी घोडी खाली सरकवली, काढलेलं चाकही गाडीखाली आडवं ठेवलं. जॅक उचलण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर गाडी ठेवायची नाही, हे तुम्ही तीनदा सांगितलंत. कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचा, खालचा बोल्ट काढून तो वर फिरवला आणि तारेने बांधून ठेवला, म्हणजे ब्रेकच्या नळीवर ताण येत नाही. फुंकर मारायला गेले तर हात धरलात, माझ्याच ओढणीने माझं नाक बांधायला लावलंत आणि ती काळी भुकटी ओल्या फडक्याने पुसायला लावलीत.

मग दोन्ही पॅड माझ्या तळहातावर ठेवलेत. बाहेरच्या पॅडवर अजून 5 मिलिमीटर माल होता. आतला जेमतेम दीड, एका कडेला तर लोखंड उघडं पडायला आलेलं. 3 मिलिमीटरला बदलायचा असतो तो. फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला बघायचा तर चाक काढावंच लागतं, आणि एवढा एक त्रास कुणी घेतला नव्हता.

असं का झालं, तेही तुम्ही शोधायला लावलंत. कॅलिपर ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यातली एक सुकून अडकली होती. त्यामुळे पिस्टनच्या, म्हणजे पॅडला ढकलणाऱ्या दट्ट्याच्या, बाजूचा आतला पॅडच सगळा भार घेत राहिला. ती पिन फिरवून फिरवून बाहेर काढली, तिच्यावरचं तपकिरी, वाळलेलं ग्रीस खरवडलं, आणि तुम्ही घरातून सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब आणलीत. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते म्हणे. नुसते पॅड बदलून मोकळी झाले असते, तर नवा पॅडही तसाच झिजला असता.

ब्रेक ऑइलचंही सांगायला हवं. मागच्या महिन्यात पातळी खाली दिसली म्हणून मी वरून ओतलं होतं. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि ऑइल आपोआप खाली जातं, म्हणून आधी पॅड तपासायचे. आता पिस्टन मागे ढकलताना तेच ऑइल वर आलं आणि सिरिंजने काढावं लागलं. एक थेंब पत्र्यावर पडला, तर तुम्ही लगेच तांब्याभर पाणी ओतलंत, नाहीतर रंग गेला असता.

उजवं चाक मी एकटीने केलं. तुम्ही उलट्या बादलीवर बसून होतात, एक शब्द बोलला नाहीत. त्या बाजूचे पॅड अजून थोडे चालले असते, पण दोन्हीकडचे एकदमच बदलायचे, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एकीकडे ओढते.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र आहे. चाकं बसली, नट आवळले, मी आनंदाने सीटवर बसले आणि किल्लीला हात घातला. तुम्ही बॉनेटसमोर येऊन उभे राहिलात. "पहिले पायडल मार." मी पाय ठेवला आणि पेडल थेट तळाला गेलं. ब्रेक नव्हताच. दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, चौथ्या-पाचव्या वेळी कुठे पायाखाली घट्ट लागलं. पिस्टन मागे ढकललेला असतो, तो पॅडला येऊन टेकेपर्यंत ब्रेक लागतच नाही. आपली गल्ली उताराची आहे, नाना, आणि शाळा सुटायची वेळ होती. पोरं सायकली घेऊन तिथूनच येतात.

नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे पाटणादेवीच्या मोकळ्या रस्त्यावर तुम्ही शेजारी बसलात. 60 च्या वेगावरून 10 पर्यंत हळूहळू ब्रेक, पूर्ण न थांबता, आणि मधे गाडी थोडी पळवून डिस्क थंड होऊ द्यायची. असं आठ-दहा वेळा, तुम्ही बोटांवर मोजत होतात. शिवाय पहिले 200-300 किलोमीटर एकदम जोरात ब्रेक दाबायचा नाही, हेही बजावलंत.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. भरीत आणि कळण्याची भाकरी तेवढी घेतलीत, आणि तीही "मिरची कमी पडली" म्हणून.

गेल्या आठवड्यात लेकीला घेऊन घाट उतरले, तुम्ही सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या गिअरमध्ये. वरपासून खालपर्यंत ती कॉलेजचं सांगत होती आणि मी सगळं ऐकलं. आधीच्या फेऱ्यांत माझे कान त्या चाकाकडेच असायचे.

मागच्या चाकांचे ब्रेक-शू बघायचे राहिलेत म्हणाला होतात. रविवारी सकाळी गाडी तुमच्या ओट्यापाशी सपाटीला आणून लावते. घोडी मी काढीन, पान्हाही मीच धरीन. तुम्ही बादलीवर बसा.

तुमची,
समोरच्या घरातली माय