डबा नको, घेवडा शिजव

चि. सोनू यास अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की कट झाला, ते कळलं नाही. मी परत लावला नाही. रात्री झोप आली नाही, तेव्हा ठरवलं की लिहूया. लिहिताना आवाज चढत नाही. रक्तदाबाबद्दल यात एक अक्षर लिहायचं नाही, ते तुझे डॉक्टर बघतील. मी फक्त घेवड्याचं लिहिणार आहे.

तू म्हणालास, "आई, इथे मेक्सिकोत सगळेच फ्रिहोलेस, म्हणजे घेवडाच, खातात, मीही खातो, मग बिघडलं कुठे?" खातात रे, रोज खातात. पण तिकडे आले होते तेव्हा तुझ्या कपाटात मी मोजले होते, तयार फ्रिहोलेसचे सात डबे. प्रत्येकावर तो काळा अष्टकोनी शिक्का, 'एक्सेसो सोदियो', म्हणजे मीठ जास्त. तूच वाचून दाखवलास, २०२० पासून सरकारने सक्तीचा केलाय म्हणून. साधे उकडलेले डब्यातले निदान धुऊन घेता येतात, थोडं मीठ जातं. परतून घोटलेले धुणार कसे? आणि दीडशेवर अठ्ठ्याण्णव हा काही बत्तिसाव्या वर्षी... नाही, थांबते.

तुझ्या खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे, सेन्योरांकडे, मी काय शिकले ते तुला सांगायचं राहूनच गेलं. तू सकाळी सातला जायचास. पहिल्या दिवशी त्यांनी मेरकादो दे ला क्रूस या बाजारातून आणलेले घेवड्याचे दाणे टेबलावर ओतले आणि एका बोटाने चार-चार दाणे पुढे ओढून मांडीवरच्या भांड्यात पाडायला लागल्या. खडा आला की बाजूला, सुरकुतलेला आला की बाजूला. मी समोर बसले आणि निवडायला लागले. आम्हाला एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण निवडणं तेच. तुझी आजी ओसरीवर अशीच ओढायची, अगदी अशीच, करंगळी वर धरून.

आणि दाणा बघून माझ्या पोटात कालवलं. फ्लोर दे मायो म्हणतात त्याला. गुलाबीसर अंगावर बारीक रेघा. आपला कोरेगावचा वाघ्या घेवडाच जणू, भाऊ लागावा असा. मी फोनमध्ये फोटो दाखवला तर सेन्योरांनी डोळ्यांशी नेऊन पाहिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. आपल्या घेवड्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा मोठे काका गावभर पेढे वाटत होते, आठवतं? पण आपला घेवडा, राजमा, श्रावणघेवडा, सगळी एकच जात, आणि ती मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोत हजारो वर्षं पिकतेय. तू त्याच्या माहेरीच जाऊन राहिला आहेस आणि डबे फोडतो आहेस.

आता कृती. अर्धा किलो दाणे घे, आठवडा सरेल. नवे बघून घे, जुना दाणा शिजत नाही. सेन्योरा भिजवत नाहीत, तू रात्री भिजव. पाव कांदा, लसणाच्या दोन पाकळ्या, भरपूर पाणी. मीठ नाही. मीठ दाणा मऊ झाल्यावर, असं त्यांचंही आणि आपलंही. त्यांच्या मातीच्या हंडीत तीन तास लागले होते, कारण तुझं केरेतारो शहर अठराशे मीटरवर, आपल्या महाबळेश्वरपेक्षा उंच. तिथे पाणी कमी उष्णतेलाच उकळतं. म्हणून तुझा कुकरच बरा. पाणी वाढवायचं झालं तर उकळतंच घाल. आणि चकचकीत मातीची हंडी हौसेने आणू नकोस, झिलईत शिसं असू शकतं. घ्यायचीच तर 'सिन प्लोमो', म्हणजे बिनशिशाची, असं लिहिलेली.

शिजले की अर्धं काम झालं. मग ते परतून घोटायचे, त्याला तिकडे रेफ्रितोस म्हणतात. रेफ्रितोस म्हणजे दोनदा तळलेले असं मला वाटायचं. संध्याकाळी तूच उलगडून सांगितलंस की तिकडे 'रे' म्हणजे पुरेपूर. कढईत सेन्योरा मांतेका घालतात, डुकराची चरबी. माझ्या गळ्यात माळ बघून त्यांनी काही न विचारता दुसरी कढई काढली आणि तेल ओतलं. हे मी आयुष्यभर विसरणार नाही. कांदा बारीक चिरून चांगला तांबूस कर. मग पळीभर दाणे त्यांच्याच पाण्यासकट घाल, लाकडी माचाकादोरने, म्हणजे त्यांच्या घोटणीने, घोट. पुन्हा एक पळी, पुन्हा घोट. पाणी फेकायचं नाही, चव त्यात आहे. आधी ते पातळ दिसेल, फटफट उडेल, अंगावर घेऊ नकोस. मग कढई हलवली की सगळा गोळा कड सोडून एकसंध सरकायला लागतो, पिठलं सुटतं तसा. तळ दिसला की झालं. वरून चीज अगदी चिमूटभर, तेही खारटच असतं. मिठाची ओढ वाटली तर सेरानो मिरची भाजून घे. काळे दाणे मिळाले तर त्यात एपासोते या तिकडच्या पाल्याची डहाळी टाक. वास उग्र येतो, पण आपल्याकडे हिंग घालतात ना पोटासाठी, तसा त्यांचा विश्वास आहे त्यावर.

दिवसाचं सगळं मीठ मिळून एक चमचा, पाच ग्रॅमच्या आत. सगळं मिळून, सोनू. पोळीतलं, सॉसमधलं, वेफर्समधलं.

बघ, परत आलेच मी तिथे. तुझे बाबा ताटावर बसले की पहिला हात मिठाकडे जायचा. मी वर डावीकडे वाढलेलं असायचं, ते आमटी चाखायच्या आधीच चिमूट टाकायचे, घेवड्याच्या आमटीत तर दोनदा. संपलं की मी परत वाढायचे. कधी हात धरला नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मला ठाऊक होतं, तरी वाढत गेले. ते शेहेचाळिसाचे होते. तुझी बारावी होती. त्या दिवशी तू परीक्षेहून आलास तेव्हा दारात चपला किती होत्या, ते तुला आठवत असेल. म्हणून मी ओरडते. एकटं राहायचं तर घरी ये, असं बोलायला नको होतं. तुझं घर तिथे आहे, तू ते स्वतः उभं केलंस. चुकलं माझं.

खरं सांगू, तिकडे फिरताना मला तुझा फार अभिमान वाटायचा. आर्कोसखालून, त्या उंच दगडी कमानींच्या रांगेखालून, जाताना तू म्हणालास, चौऱ्याहत्तर कमानी आहेत, आई, मोज. आणि तिथल्या भाजीवाल्याशी त्याच्या भाषेत हसून बोललास. बाबांनी पाहायला हवं होतं.

सेन्योरांना भेटलास की माझा नमस्कार सांग. पाहुणा आला की त्या म्हणायच्या, फ्रिहोलेसमध्ये पाणी वाढव. आपण आमटीत वाढवतो. एखाद्या रविवारी त्यांनाही घोटलेले नेऊन दे, तेलातले आहेत म्हणून सांग.

कुकरची रिंग सैल झाली होती, दोन नव्या पाठवल्यात, ताईच्या दिराबरोबर. तो १२ तारखेला निघतोय. गोळी सकाळी जेवणाआधी की नंतर ते विचारून घे. आणि मशीनचा आकडा रोज मला पाठव. नुसता आकडा, बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
आई