टॉम यम मागवण्याआधी दोन प्रश्न विचारा

संपादक महोदय,

सांगली-मिरजेतल्या बऱ्याच हॉटेलांच्या मेनूकार्डावर हल्ली 'टॉम यम' हे थायलंडचं आंबट-तिखट सूप दिसतं. वाटीत येतं ते मात्र बहुतेक वेळा आलं, व्हिनेगर आणि कॉर्नफ्लॉर घातलेलं लालभडक सूप. त्यामुळे खरं टॉम यम कुंग कुठे खावं, याचं उत्तर हॉटेलच्या नावात नाही, ते स्वयंपाकघरात आहे.

पहिला प्रश्न: कोळंबी डोक्यासकट येते का? 'कुंग' म्हणजे कोळंबी, आणि सुपाचा दाट स्वाद व केशरी तवंग येतो तो तिच्या डोक्यातल्या चरबीतून. चार जणांसाठी ३०० ग्रॅम कोळंबी घ्यावी. डोकी व सालं थोड्या तेलात तांबूस होईपर्यंत परतून एक लिटर पाण्यात पंधरा मिनिटं मंद उकळावीत आणि गाळावीत. सोललेली फ्रोजन कोळंबी वापरली की हा रस मिळतच नाही, मग रंगाची पूड येते.

दुसरा प्रश्न: लिंबू कधी पिळता? गॅस बंद केल्यावर, असंच उत्तर हवं. उकळत्या रसात लिंबू घातलं की सुवास उडतो आणि कडवटपणा येतो. व्हिनेगरला तर इथे जागाच नाही.

बाकी साहित्य वाटतं तितकं परकं नाही. गवती चहा आपल्या परसातलाच. फक्त चहासाठी आपण पात घेतो, इथे बुडखा लागतो. तीन काड्यांचे बुडखे ठेचून घाला. गवयी आवाजासाठी तोंडात धरतात ते कुलिंजन म्हणजेच थाई गलांगल. ताज्या कंदाच्या पाच-सहा चकत्या पुरतात. सुकं वापरता येतं, पण चव बोथट लागते. आल्याने मात्र सुपाची जातच बदलते. मकरूट लिंबाची पानं पुण्या-मुंबईहून मागवावी लागतात. मग दोन-तीन चमचे फिश सॉस, चमचाभर मिरचीची भाजकी थाई चटणी 'नाम प्रिक पाओ', ठेचलेल्या मिरच्या आणि धिंगरी अळंबी. कोळंबी सर्वांत शेवटी, जेमतेम दोन मिनिटं. जास्त शिजली की रबरासारखी होते. नारळाचं दूध असेल तर तो 'टॉम खा' या नारळाच्या दुधातल्या थाई सुपाकडे झुकलेला प्रकार. थायलंडमधल्या दुधाळ टॉम यममध्ये बहुधा आटवलेलं दूध असतं. आणि सोबत भात हवा, तिथे ते भाताबरोबरच जेवतात.

शाकाहारी आणि जैन वाचकांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. 'व्हेज टॉम यम' म्हणून येणाऱ्या सुपात बहुधा तयार पेस्ट वापरलेली असते, आणि अशा अनेक पेस्टमध्ये सुकी कोळंबी किंवा फिश सॉस असतो. बाटलीवरचं लेबल दाखवायला सांगा. हॉटेलचालकांनी हे मेनूकार्डावरच स्पष्ट छापावं, ही कळकळीची विनंती.

एक वाचक,
विश्रामबाग, सांगली