आधी मोजा, मग आईला विचारा

मा. मंत्रिमहोदय,
मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या बुधवारी आम्ही नवराबायको आमच्या सात वर्षांच्या मुलाला दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीला घेऊन गेलो होतो. त्याला स्वमग्नता आहे, ऑटिझम. सकाळी आठला रांगेत उभे राहिलो, नंबर लागला पावणेदोनला. रांगेच्या डोक्यावरच भोंगा, त्यातून नावं पुकारत होते. दर पुकाऱ्याला पोरगं कान दाबून खाली बसायचं. अकराच्या सुमाराला त्यानं भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "ओ बाई, दोन लावा की त्याला. गप बसतंय मग."

आत डॉक्टरांनी मुलाकडे नीट पाहिलंही नाही. मला विचारलं, "गरोदरपणी गोळ्या खाल्ल्या होत्या का? मोबाईल किती वेळ देता?" स्वमग्नतेची सरकारी चाचणी ४० मुद्द्यांची असते, आम्हाला मिळाली ४ मिनिटं. शेवटी कळलं, चाचणी घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची जागाच रिकामी आहे, पुण्याहून करून आणा. हे सकाळी आठला सांगता आलं नसतं का?

साहेब, दोन वर्षांपूर्वी २ एप्रिलच्या जागतिक स्वमग्नता दिनाला तुम्ही आमच्या गावी आला होतात. निळे फुगे सोडलेत. फुगा फुटला की आमची मुलं किंचाळतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसावं. मंचावरून म्हणालात, सहा महिन्यांत सोलापुरात स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचं केंद्र सुरू होईल. मी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या परत मागता येत नाहीत.

मी घरी शाळेचे गणवेश शिवते. सोलापूरचे गणवेश कुठं कुठं जातात हे तुम्ही त्याच भाषणात अभिमानानं सांगितलं होतं. माझ्या मुलाला मात्र शाळेनं तिसऱ्याच आठवड्यात घरी पाठवलं, "इतर पालक तक्रार करतात" म्हणून. त्याच्या मापाचा एक जोड मी आधीच शिवून ठेवला होता, निळी चड्डी, पांढरा शर्ट. आता तो त्याला बसत नाही. दिवसभर तो माझ्या मशीनखाली बसून बटणं लावतो. चार भोकांची एकीकडे, दोन भोकांची एकीकडे, आणि एक जरी हललं तरी पुन्हा पहिल्यापासून. घरात मिक्सर लावला की थरथरतो, पण ओव्हरलॉक मशीनच्या घरघरीत गाढ झोपतो. हे असं का, ते विचारायला गावात माणूस हवा ना!

कारणं सांगणारी माणसं मात्र ढीगभर. सासूबाई म्हणतात ग्रहण पाळलं नाहीस. जाऊबाईंच्या मते मोबाईल. दीर म्हणतात लस. आणि २०२५ च्या सप्टेंबरात खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष टीव्हीवर सांगू लागले की गरोदर बाईनं पॅरासिटॅमॉल घेऊ नये. सातव्या महिन्यात मला १०२ ताप होता. मी तीन गोळ्या घेतल्या होत्या. ती बातमी आली त्या रात्री मी त्या तीन गोळ्या मोजत जागी होते.

नंतर पुण्याच्या एका डॉक्टरांनी समजावलं. स्वीडनमध्ये २४ लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला, २०२४ ला छापून आला. एकाच आईची भावंडं शेजारी ठेवून पाहिली तेव्हा गोळीचा संबंध उरलाच नाही. उलट ताप अंगावर काढणं बाळाला वाईट. लसीचं भूत त्याहून जुनं, १९९८ चं. ब्रिटनमधल्या वेकफील्डनं १२ मुलांवर निबंध लिहिला. तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं २०१० ला तो मागं घेतला आणि त्याचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. डेन्मार्कनं साडेसहा लाख मुलं तपासली, लसीचा दोष सापडला नाही. आणि १९५०-६० च्या सुमाराला तर म्हणे, आई मायेनं थंड असते म्हणून मूल असं होतं! म्हणजे गोळीचं नाव कुणी घेत नव्हतं तेव्हाही दोषी आईच होती.

जनुकांचा वाटा मोठा, त्याखेरीज दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ, गरोदरपणी घेतलेली फिटची व्हॅल्प्रोएट, आईवडिलांचं वाढलेलं वय, असं ते डॉक्टर सांगत होते. वडिलांचंही वय, बरं का. बुधवारी नवरा माझ्या शेजारीच उभा होता, मागावरचा खाडा करून. त्याला एक प्रश्न नाही.

अमेरिकेत २००० साली १५० मुलांत १ सापडायचं, २०२२ ला ३१ मुलांत १. यातलं खरंच किती वाढलं आणि पूर्वी मंद म्हणून कोपऱ्यात बसवलेलं किती आता दिसायला लागलं, यावर तिकडं भांडण चालू आहे. २०१३ ला तर व्याख्याच बदलली. पण भांडायला त्यांच्याकडे आकडा तरी आहे! आपल्या २०११ च्या जनगणनेत स्वमग्नतेला रकानाच नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं तिला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत घेतलं. त्याआधी अशी माणसं नव्हती का? आमच्या माहेरच्या चाळीत एक मामा होते. कुणाशी बोलायचे नाहीत, पण कुठल्या वर्षी गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, कुठल्या वारी भरला ते विचारा, वीस वर्षांचं तोंडपाठ. सगळे येडा म्हणायचे. त्यांच्या आईनं पॅरासिटॅमॉल डोळ्यांनी बघितलीही नसेल.

सोलापूरचा हिशेब मीच केलाय. २०११ ला शहर साडेनऊ लाखांचं. त्यात दोन ते नऊ वर्षांची दीड लाख धरा, शंभरात एक धरा, दीड हजार मुलं झाली. हा अंदाज आहे, कापड टाकून मापलेलं नाही. तुमच्याकडे पक्का आकडा असेल तर छापा की!

२०१३ पासून अंगणवाडीत, शाळेत मुलं तपासायची योजना आहे. डिसेंबर २०२२ ला दिव्यांगांचं वेगळं खातं झालं, पेपरात फोटो आला. पाट्या सगळ्या आहेत, खुर्चीत माणूस नाही. २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आमचं नाव होतं, आणि आजही पाणी चार दिवसांआड, तेही रात्री-अपरात्री. ज्यांना नळाची वेळ सांगता येत नाही ते माझ्या मुलाचं काय सांगणार! मतदानाची चिठ्ठी तेवढी दारात येते, नाव बिनचूक. तेव्हा माणसं मोजता येतात.

आता नळ यायची वेळ झाली, उठायला हवं. पुण्याला हुतात्मा एक्सप्रेस गाठून एकदा जाऊन यायचं तर आमच्या दोघांचा खाडा आणि पोराला डब्यातली गर्दी. तरी जाऊ. चाचणी करून आणू. तुम्ही ती जागा भरा आणि मुलं मोजा. ते इतक्यात जमणार नसेल तर पुढच्या तपासणीच्या दिवशी तो भोंगा तेवढा बंद ठेवायला सांगा. आमचा नंबर हातानं खूण करून दाखवला तरी आम्ही येऊ.

आपली,
एक आई
पूर्व भाग, सोलापूर