जलंब-खामगाव लाईनचे जुने कागद कुठं भेटतील

मोठे बाबा आणि मोठी आई, दोघांना नमस्कार.

तुम्ही फोनवर विचारलं होतं का आपल्या जलंब स्टेशनचं लंडनमध्ये काय भेटते, तर लिहूनच सांगतो, फोनवर अर्धवट राहते.

सगळ्यात आधी हे, का बुलडाण्याच्या चकरा थांबवा आणि अकोल्याला विचारा. खामगाव तालुका १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होता, त्या वर्षी तो बुलडाण्याला जोडला, आणि आपली ब्रँच लाईन त्याच्या कितीतरी आधीची, १८७० ची. म्हणून रेकॉर्ड रूममध्ये जाल तर अकोला म्हणून मागा. गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक, दोन्ही जिल्ह्यांचं १९१० चं आहे, दोन्ही पाहा. त्याच्याही आधीचं लायल साहेबाचं वऱ्हाडचं गॅझेटियर नेमकं १८७० चं आहे, इंटरनेटवर फुकट वाचता येते.

इथं लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या विलायतेतल्या सरकारी खात्याचे कागद आहेत. आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल, जुनं पुस्तक फोमच्या उशीवर ठेवून हळूच पान उलटावं लागते. मेन लाईन बांधणारी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे) ही लंडनचीच कंपनी, म्हणून तिचे कागद इथं, ते सरकारनं १९२५ मध्ये कारभार हाती घेतला तोवरचे. पण बाबा, त्यात नावं आहेत ती विलायतेतून करार करून नेलेल्या लोकांची, आपले आबाजी गँगमध्ये होते, रोज उन्हात रूळ ठोकत होते, त्यांचं नाव तिथं कुठं राहणार? मला याचं लय वाईट वाटलं. त्यांचं नाव भेटलं तर कोतवाल बुकात भेटेल, जात पडताळणीला लोक ज्याची नक्कल काढतात तेच, जन्म-मृत्यूची नोंद त्यातच सापडते.

आणखी एक गोष्ट मला शोधून शोधून समजली. मेन लाईन १८६७ मध्ये नागपूरला पोचली, पण कापसाचा मोठा बाजार खामगावला आणि स्टेशन जलंबला, मध्ये साताठ मैल बैलगाड्या. अमेरिकेतल्या युद्धापासून विलायतेच्या गिरण्यांना आपला कापूस पाहिजे होता, म्हणून ही ब्रँच वऱ्हाडच्याच पैशातून सरकारनं बांधली, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला आला होता. म्हणजे ती कंपनीच्या फायलीत नाही, ‘खामगाव स्टेट रेल्वे’ नावानं सरकारी फायलीत शोधायची. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल म्हणून पोर्टल आहे, त्यात हेच नाव टाका. १९०३ पर्यंत वऱ्हाड हैदराबादच्या रेसिडेंटखाली, म्हणजे तिथल्या इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीखाली होतं, म्हणून ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ हे वऱ्हाडचं तेव्हाचं सरकारी नावही टाकून पाहा. त्यानंतरचं मध्य प्रांतात गेलं, ते नागपूरच्या अभिलेखागारात विचारा.

आणि जिनिंगवाल्यांकडे कापसाच्या गाठींच्या जुन्या वह्या असतील तर रद्दीत जायच्या आत पाहून घ्या, हे काम फक्त तुम्हीच करू शकता, मी इथून काय करणार. बंटीला सोबत न्या, फोटो काढताना पानाचा नंबर आणि वहीचं कव्हर दोन्ही आलं पाहिजे एवढं त्याला बजावून सांगा, नाहीतर मागाहून काहीच जुळत नाही.

तुमचा,
बाळू