फोटोंच्या मागे पेन्सिलने लिहिलं आहे

नागपूर, १२ डिसेंबर

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी ओरडलो. तसं बोलायला नको होतं. तू फोन ठेवलास ते बरोबरच केलंस. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. तू दिवाळीत इथल्या महाल भागातले जुने फोटो मागितले होतेस, ते आज पाठवतो आहे, आणि कोणता कुठला ते कळावं म्हणून हे पत्र. तब्येतीबद्दल एक अक्षर लिहिणार नाही, असं आईला कबूल केलं आहे.

फक्त एक विचारतो. हिमोग्लोबिन ७.८ सांगितलंस ते खरंच ७.८ आहे ना? मला बरं वाटावं म्हणून वाढवून तर सांगितलं नाहीस?

अल्बम ट्रंकेत होते, मोठ्या आईच्या नऊवारींच्या खाली. काळ्या पानांचे, कोपरे चिकटवलेले. पुष्कळसे कोपरे सुटले आहेत. तू म्हणालीस व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, पण तिथे फोटो बारीक होऊन जातात, मोठे करायला गेलं की चेहरे फुटतात. म्हणून बर्डीवरच्या दुकानात नेऊन ६०० डीपीआयवर स्कॅन करून घेतले, पेन ड्राइव्ह सोबत आहे. मूळ फोटोही तुलाच देतो आहे. मागच्या बाजूला नावं मी पेन्सिलने लिहिली आहेत. तू काही लिहिलंस तर पेन्सिलनेच लिही, बॉलपेनचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. बंडूकाकाच्या मुंजीचा फोटो तसाच खराब झाला आहे.

पहिला फोटो आजोबांचा, सायकलीसकट, एम्प्रेस मिलच्या फाटकासमोर. जमशेटजी टाटांनी ही मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून हे नाव. हे आजोबा आल्यागेल्याला सांगायचे, जणू स्वतः तिथे हजर होते. मिलच्या भोंग्यावर आमच्या घरातलं घड्याळ लावलं जायचं. संध्याकाळी ते यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापसाची लव बसलेली असायची. नलू, तुझी आत्या, ओल्या फडक्याने ती पुसायची आणि ते डोळे मिटून गप्प बसून राहायचे. आता तिथे मॉल आहे. मागच्या वेळी तू आम्हाला कॉफी प्यायला नेलं होतंस ना, तोच. त्या दिवशी मी गप्प होतो त्याचं कारण कॉफी नव्हती.

दुसरा फोटो गांधी गेटचा. आजोबा शेवटपर्यंत जुम्मा दरवाजाच म्हणत. कमानीखाली टांगा दिसतो आहे. त्यामागे जी मुलं उभी आहेत त्यांतला उजवीकडचा मी आहे, हाफपँट मोठ्या भावाची.

तू जेवतेस का वेळेवर? डबा नेतेस असं म्हणतेस, पण तुझी मैत्रीण म्हणाली की डबा बरेचदा तसाच परत येतो. तिच्यावर रागावू नकोस. तिने फोन केला नसता तर ठाणे स्टेशनच्या पुलावर तू चक्कर येऊन पडलीस हे आम्हाला कधी कळलं असतं? चार दिवस तू काही बोलली नाहीस. आई आत्ता खांद्यावरून वाचून म्हणाली, "काऊन तेच तेच लिहून राहिले?" तेव्हा हे इथेच थांबवतो.

मारबतीचे, म्हणजे रोगराई घेऊन जा म्हणत मिरवतात त्या पुतळ्यांचे, फोटो १९७५ चे आहेत. तेव्हा माझ्याकडे अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता, दोन उन्हाळे शिकवण्या करून घेतलेला. एका रोलमध्ये १२ फोटो, त्यामुळे बटण दाबायच्या आधी दहादा विचार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून सज्जात जागा धरून बसलो होतो. पिवळी मारबत १८८५ पासून निघते असं सांगतात, काळी तिच्याही आधीची. बडकस चौकाकडून ढोलांचा आवाज आला की जिन्यावर धावपळ व्हायची. पिवळी आमच्या सज्जाच्या इतकी जवळून जायची की तिच्या नाकातली नथ हाताला लागेल असं वाटायचं. आणि खाली सगळा महाल एका आवाजात, "रोगराई, इडा-पिडा घेऊन जा गे मारबत!" मीही कॅमेरा सांभाळत घसा बसेपर्यंत ओरडत होतो. तू पाच वर्षांची असताना माझ्या खांद्यावर बसून अशीच ओरडली होतीस आणि घरी येऊन विचारलं होतंस, "मारबत इतकं सगळं कुठे ठेवते, बाबा?" जाळतात ते मी सांगितलं नव्हतं.

अकरा फोटो मिरवणुकीचे. बारावा नलूचा.

हा फोटो मी पन्नास वर्षं पाहत आलो आहे. अल्बममध्ये तो काडेपेटीपेक्षा थोडाच मोठा आहे. नलू सज्जात उभी आहे, दोन वेण्या, हसते आहे. आम्ही सगळे म्हणायचो, नलूचा हसरा फोटो. दुकानातल्या मुलाने स्कॅन करून स्क्रीनवर मोठा केला, "काका, इथे एक ओरखडा आहे, काढू का?" म्हणाला. ओरखडा कठड्याजवळ होता. तेव्हा मला तिचा हात दिसला. कठडा तिने नुसता धरलेला नाही, घट्ट आवळला आहे. बोटांची पेरं वर आली आहेत आणि मनगटातल्या बांगड्या कोपराकडे सरकल्या आहेत. ती उभी राहू शकत नव्हती, मुग्धा. मी तिच्यापासून चार हातांवर होतो. तिला म्हणालो, हस, आणि ती हसली. मग रोल बदलायला वळलो. पुढचं तुला माहीत आहे.

फोटो काळा-पांढरा. त्यात कोण फिकट पडलं आहे आणि कोण नाही, हे कसं कळणार? आणि तुझ्या व्हिडिओ कॉलवर तर सगळेच गोरे दिसतात.

ओरखडा मी काढू दिला नाही.

आता मी कबूल केलेलं मोडतो आहे. गोळी लिंबूपाण्याबरोबर घे, चहाबरोबर कधीच नको. गोळीनंतर निदान तासभर चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असायला हवं, तुझं ७.८ आहे, हा काही थकवा नाही. ते इतकं का उतरलं हे डॉक्टरांना शोधू दे, नुसत्या गोळ्यांवर भागवू नकोस. महिन्याने पुन्हा तपास. रात्री दोनपर्यंत लॅपटॉप घेऊन बसतेस, त्या कंपनीला तुझ्याशिवाय दुसरं कोणी नाही का? तू पहिल्यापासूनच अशी...

हे फोनवरच्यासारखंच होऊ लागलं. माफ कर. तू एकटीने मुंबई सांभाळलीस, घर भाड्याने घेतलंस, माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनचे पैसे न मागता भरलेस. मी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगत असतो, तुलाच कधी सांगितलं नाही.

शेवटचा फोटो रंगीत, १९९८ चा, तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा. तुझ्या हातात लाकडी बैल आहे, चाकांचा, आजोबांनी मारबतीबरोबर निघणाऱ्या बडग्या-पुतळ्यांच्या गर्दीतून आणलेला. बैलाच्या गळ्यात झेंडूची माळ आहे आणि तू ती ओढून खाते आहेस. हा फोटो आईच्या देव्हाऱ्याजवळ होता, ती द्यायला तयार नव्हती. काल रात्री तिनेच पाकिटात घातला. बैल अजून आहे, एक चाक गेलं आहे.

आईने आळिवाचे लाडू केले आहेत, रोज एक खायचा. आंबिया बहाराची संत्री आहेत, तीही लोहासाठी चांगली, बाकी काही म्हणत नाही. रिपोर्टचा फोटो काढून पाठव, सगळी पानं. हे सगळं बंडूकाकाचा अनिकेत घेऊन येतो आहे, उद्याच्या विदर्भ एक्सप्रेसने. गाडी सकाळी ठाण्याला येते. तू स्टेशनवर येऊ नकोस. त्याला तुझा पत्ता दिला आहे, तो वर घरी आणून देईल. त्या पुलाच्या पायऱ्या सध्या चढू नकोस.

तुझा
बाबा