कमानीला पैसे आहेत, पेट्रोलला नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली वनपर्यटनाच्या निधीची बातमी वाचली. स्वागत कमान, उपाहारगृह, लाकडासारखे दिसणारे सिमेंटचे कठडे आणि वर सेल्फी पॉइंट. मनापासून अभिनंदन! पर्यटक कमानीतून आत शिरतील तेव्हा आत जंगल असावे, एवढीच आमची माफक अपेक्षा.

गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी आमच्या गावावरचा डोंगर पेटला. खाली कुणीतरी बांध पेटवला होता. जाळले की पुढच्या पावसात गवत जोमाने येते, ही आमच्याकडची जुनी खुळी समजूत. वारे सुटले आणि बघता बघता आग कड्यापर्यंत गेली. संबंधित कार्यालयात फोन केला तर ‘साहेब मीटिंगला गेलेत’. बऱ्याच वेळाने एक रोजंदारीवरचा वनमजूर स्वतःच्या मोटारसायकलवर आला. पाठीला ब्लोअर, म्हणजे वारा मारून आग विझवायचे यंत्र, बघून जिवात जीव आला, पण यंत्राची टाकी कोरडी. ‘मागचं बिल निघालं नाही गुरुजी, पंपवाला उधार देत नाही.’ पोरांनी एका गाडीत नळी घालून बाटलीभर पेट्रोल काढले, तर त्यात ऑइल मिसळावे लागते म्हणे, नाहीतर इंजिन बसते. रात्री डोंगराच्या पायथ्याला ऑइल कुठून आणायचे? शेवटी लाखमोलाचे ते यंत्र बांधावर ठेवून सगळ्यांनी निरगुडीचे डहाळे मोडले आणि आग झोडपायला लागले. तो गडी सगळ्यांच्या पुढे होता, पायात रबरी स्लीपर. खाली आला तेव्हा एका स्लीपरचा तळ वितळून वाकडा झाला होता. मजुरी वेळेवर मिळते का विचारले, तर नुसता हसला. त्या हसण्याचा अर्थ मंत्रालयात कुणाला लागला तर कळवावे.

जाळरेषा थंडीतच काढायच्या असतात. गवत वाळले की पट्टा साफ करून ठेवायचा, म्हणजे उन्हाळ्यात वणवा तिथे अडतो. त्या का काढल्या नाहीत विचारले, तर ‘निधी आला नव्हता’. निधी येतो मार्चअखेरीला, तोवर डोंगर काळा ठिक्कर! मग खर्ची टाकायला उरते काय? रंगरंगोटी आणि फलक.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला. कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि भोवतालचा बफर पट्टा मिळून हजार चौरस किलोमीटरच्या वरचे क्षेत्र, ते राखायचे पायी हिंडणाऱ्या माणसांनी. व्याघ्र प्रकल्पांना केंद्राकडून अनावर्ती खर्चाचे ६० टक्के मिळतात, आवर्ती खर्चाचे मात्र ५०. म्हणजे एकदाच होणाऱ्या कामाला झुकते माप आणि रोजच्या गस्तीला, पेट्रोलला, पाणवठ्यावरच्या टँकरला हात आखडता. शिवाय गस्तीची फीत कापता येत नाही, ही अडचण आहेच. वाघ मोठ्या थाटात आणायचे आणि त्यांच्या राखणदाराला उधारीवर ठेवायचे, याला संवर्धन म्हणायचे असेल तर म्हणा बापडे.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात धों. म. मोहिते यांनी लोकांना हाताशी धरून सागरेश्वरचा उजाड डोंगर हिरवा केला. १९८५ मध्ये त्याचे अभयारण्य झाले. तिथे आधी झाडे आली, फाटक नंतर. हा क्रम आता उलटा का झाला, हे निधी मंजूर करणाऱ्यांना आपल्या वार्ताहराने एकदा विचारावे. कमानीचे संकल्पचित्र चार कॉलम छापण्यापेक्षा ते बरे.

आणि हो, त्याच बातमीत ‘आपल्या भागातील बिबट्या’ म्हणून जो फोटो आहे तो चित्त्याचा आहे. डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेल्या काळ्या रेघा स्पष्ट दिसतात. बिबट्याला त्या नसतात, त्याच्या अंगावर पोकळ गुलाबासारखे ठिपके असतात. पाटण खोऱ्यात बिबट्या रोज कुणाची तरी शेळी उचलतो, त्याचा फोटो मिळू नये? शुद्धिपत्रक छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. पाटण, जि. सातारा